खुडूक

"विश्वंभर सर, पिल्लू किती वाजता निघंल?"

मुख्याध्यापक किसनरावांनी हे अशा सुरात विचारलं, जशी काही हिंगोलीची एसटी किती वाजता निघते ते विचारत आहेत. शिक्षकांच्या खोलीत बसलेल्यांनी वहीत घातलेल्या माना वर केल्या.

"तसं सांगता येत न्हाई सर," विश्वंभर सर म्हणाले. "पण अंदाज परवा सकाळचा हाय."

"परवा? प्रदर्शन उद्या, अन् पिल्लू परवा? ते फ्लेक्सवर काय छापलंय, वाचलं का तुमी?"

फ्लेक्स सगळ्यांनीच वाचला होता. शाळेच्या फाटकावर तो सकाळपासून फडफडत होता. 'तालुकास्तरीय विज्ञान प्रदर्शन. विशेष आकर्षण : मान्यवरांच्या हस्ते थेट पिल्लाचा जन्म.' आपल्याकडे 'हस्ते' या शब्दाशिवाय फ्लेक्स छापून होत नाही, त्याला कोण काय करणार.

"सर, अंडी बसवायला एक दिवस उशीर झालता. म्या तवाच सांगितलं होतं."

"ते मला सांगू नका. कोंबडीला कळत नसंल, तुमाला तर कळतंय ना, उद्या कोण येऊन राहिलंय ते?"

विश्वंभर सरांना ते चांगलंच कळत होतं. उद्या जिल्ह्याहून साहेब येणार होते, आणि सरांच्या मान्यतेची फाईल याच साहेबांच्या टेबलावर होती. चौदा वर्षांपूर्वी संस्थेनं त्यांना विज्ञान शिकवायला घेतलं. पदाला सरकारी मान्यता आली की पगार सुरू होईल, असं तेव्हा सांगितलं होतं. ती आली नाही. सर सकाळी विज्ञान शिकवायचे, दुपारनंतर भावाच्या शेतात राबायचे, आणि दर वर्षी नवे कागद जोडायचे. पुसेगावात एका जुन्या विद्यार्थ्याचं मंगल कार्यालयात लग्न लागलं, तेव्हा सर आहेर द्यायला गेले तर त्यानं सरांचे पाय धरले आणि विचारलं, "सर, झालं का मान्यतेचं?" सरांनी जन्मभर लक्षात ठेवावं असं ते लग्न होतं.

पाठीमागे त्यांना 'खुडूक सर' म्हणत. खुडूक म्हणजे अंड्यांवर बसायला आलेली कोंबडी. ती अंडी देणं बंद करते, हलत नाही, दाणे सोडते. खाली अंडी असोत, दगड असोत, काहीही नसो, ती आपली बसून राहते. हे नाव इतिहासाच्या सरांनी पाडलं होतं. त्यांची मान्यता कधीच आली होती, त्यामुळे त्यांना विनोद सुचायचे.

"उद्या निघालं पाह्यजे, बस," किसनराव उठत म्हणाले आणि दारातून शिपायाला हाक मारली. "मुन्ना! सकाळी तांड्यावर जाऊन एखादी गावरान कोंबडी बघ. साहेबाला बॉयलर चालत न्हाई म्हने. कनेरगाव नाक्यावरून आचारी बोलावलाय, त्याच्या हाती लवकर दे."

विश्वंभर सरांनी ते ऐकलं, पण एका कानानं. त्यांच्या डोक्यात परवाची सकाळ होती.

आता हे पिल्लाचं प्रकरण शाळेत कसं आलं ते सांगितलं पाहिजे.

या शाळेत प्रयोगशाळा आहे. तिच्या कपाटाला कुलूप आहे आणि कुलपाची किल्ली किसनरावांकडे आहे. काच फुटते, पोरं द्वाड, तेव्हा हात लावू द्यायचा नाही, असा नियम. कपाटावर 'हात लावू नये' अशी पाटी आहे. त्या कपाटातलं एक मोजपात्र सरस्वतीच्या फोटोपुढे उदबत्ती लावायला आलं आणि तिथंच राहिलं. तिवईवर चहाचं पातेलं बसतं. मुलं प्रयोग फळ्यावर बघतात आणि वहीत लिहितात : उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. निरीक्षण गेल्या वर्षीच्या पोरांच्या वहीतून उतरवायचं. गेल्या वर्षीच्यांनी ते त्याच्या आदल्या वर्षीच्यांच्या वहीतून उतरवलेलं असतं. पहिल्यांदा कोणी पाहिलं होतं, देव जाणे.

त्यात नववीत दिपा आली. माळापलीकडच्या तांड्यावरची. आई-बाप कामासाठी परगावी, ही आजीजवळ, नीलाबाईजवळ. दिपाच्या वहीत बाकी सगळं असे आणि निरीक्षणाची चौकट कोरी असे.

"काहून लिहीत न्हाईस?" सरांनी विचारलं होतं.

"म्या काई पाहिलंच न्हाई ना सर. मंग निरीक्षण म्हणून काय लिहू?"

"पुस्तकातलं लिही."

"ते पुस्तकवाल्यानं पाहिलेलं हाय."

वर्ग हसला. सरांनी मार्क कापले. पुढच्या प्रयोगाची चौकटही कोरी. पुन्हा मार्क कापले. पोरगी हट्टी, मार्कांना भीक घालीना. असं सहामाहीपर्यंत चाललं. त्या कोऱ्या चौकटी सरांना घरी जेवताना दिसू लागल्या. आपण बी.एस्सी. होताना परभणीच्या कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याची साल पाहून अर्धा तास उठलो नव्हतो, ते त्यांना आठवलं. आणि त्याचा फार राग आला. कुणाचा, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

तशात वरून आदेश आला, की मुलांनी प्रकल्प स्वतः हातानं करावेत, आणि तालुक्याचं प्रदर्शन यंदा आपल्याच शाळेत. किसनराव म्हणाले, हिंगोलीत दुकान आहे, तयार ज्वालामुखी मिळतो, आणून ठेवा. चौदा वर्षांत विश्वंभर सर पहिल्यांदा 'नाही' म्हणाले. म्हणाले आणि स्वतःच घाबरले.

थर्मोकोलचा खोका औषधाच्या दुकानातून मागून आणला. आत बल्ब, पाण्याची वाटी, थर्मामीटर, आणि ऊब ठरल्याइतकी झाली की बल्ब आपोआप बंद करणारं एक बटण. तार वर्गातल्या कुलदीपनं जोडली, तेव्हा शाळेचा फ्यूज उडाला आणि किसनरावांचा पंखा बंद पडला. दुसऱ्यांदा जोडली तेव्हा बल्ब लागला. पोरांनी अशा आरोळ्या ठोकल्या की इतिहासाचे सर पळत आले.

अंडी नीलाबाईकडची. प्रदर्शनाच्या दिवसापासून उलटे एकवीस दिवस मोजून, बरोबर त्या दिवशी सर दिपाला घेऊन तांड्यावर गेले. नीलाबाईनं ज्वारीच्या मडक्यात अंडी जपून ठेवली होती. शेजारी टोपल्यात एक तांबडी कोंबडी फुगून बसली होती. हात जवळ नेला की चोच मारायची.

"हिच्याच खाली बसवणार होते," नीलाबाई म्हणाली. "पण लेकरू म्हनतंय साळंत पाह्यजेत, तर न्या. पण आज न्हाई सर. आज अवस हाय."

"बरं मग?"

"अवसंला बसवलेलं अंडं पोकळ निघतंय. उद्या न्या."

आता विश्वंभर सर विज्ञानाचे शिक्षक. अमावास्येचा आणि अंड्याचा संबंध नाही, हे त्यांनी तोंड उघडून सांगायला सुरुवातही केली. पण दिपा त्यांच्याकडे बघत होती, नीलाबाईचा हात मडक्यावर होता, आणि खरं सांगायचं तर सरांची स्वतःची आईही अमावास्येला अंडी बसवत नसे. चौदा वर्षं ज्याचं काम अडलेलं असतं, त्याला उगीच कुठल्या अपशकुनाची परीक्षा बघावीशी वाटत नाही. एका दिवसानं काय होतंय, म्हणून ते रिकाम्या हातानं परत आले. दुसऱ्या दिवशी नीलाबाईनं अकरा अंडी मोजून दिली. अंडी जोडीनं बसवत नाहीत, आकडा विषम असावा लागतो. तांबडी कोंबडी टोपल्यात तशीच बसलेली.

"ही बसंल आता रिकामीच," नीलाबाई म्हणाली. "खुडकीला काय कळतंय, खाली काई हाय का न्हाई."

आठवड्यानं सरांनी वर्गाच्या खिडक्यांना जुना फ्लेक्स बांधून अंधार केला. बुटाच्या खोक्याला भोक पाडून आत मोबाईलची बॅटरी लावली आणि भोकावर अंडं धरलं. अंडं आतून लाल उजळलं. त्यात बारीक बारीक लाल दोरे पसरले होते आणि मध्ये एक काळा ठिपका होता. तो ठिपका हलला.

"सर," दिपा कुजबुजली, "ते हलून राहिलंय."

साठ पोरांच्या वर्गात कुणी खोकलंसुद्धा नाही.

"हात लावू?" मागून कुणीतरी विचारलं.

"लाव," सर म्हणाले.

एकेक जण आला, अंडं हातात धरून गेला. एकही फुटलं नाही. त्या दिवशी दिपाच्या वहीत निरीक्षणाच्या चौकटीत पहिल्यांदा काहीतरी आलं : 'लाल दोरे. मधी काळा ठिपका. हलतो.' सरांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि वही लगेच परत केली नाही.

"सर," तिनं विचारलं, "पिल्लू भायेर निघताना आपन थोडं फोडून द्यायचं का? त्याला तकलीफ होत आसंल."

"अजाबात न्हाई. हे लाल दोरे शेवटपर्यंत आतल्या पापुद्र्याला धरून असतेत. पिल्लू आधी टोच मारतं, मंग दिवसभर गप पडतं. तवा ते दोऱ्यातलं सगळं रक्त आत ओढून घेत असतं. आपण घाई करून फोडलं, तर रक्त भायेर सांडतं अन् पिल्लू मरतं."

"अन् कोनी फोडाया आलं तर?"

"म्या हाय की. कोनाला बी हात लावू देणार न्हाई."

असा शब्द त्यांनी दिला होता. मुलांसमोर, अंधाऱ्या वर्गात.

प्रदर्शनाच्या दिवशी सर शाळेत आले तर दिपा आधीच मांडवात. स्वेटर काढून खोक्याभोवती गुंडाळलेला. खोक्याला कान लावून ती उभी होती.

"सर, एकानं टोच मारली! अन् आतून चिवचिव करून राहिलेत. आइका."

सरांनी कान लावला. आत आवाज होता, बारीक, हट्टी. एका अंड्याला वरच्या अंगाला चांदणीएवढा तडा गेलेला. ते म्हणाले, "उद्या सकाळी निघंल. तुझ्या डोळ्यासमोर." दिपानं खोक्यापुढे एक कागद चिकटवला होता. आपल्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'हात लावू नये.'

मांडवात बाकी तीन शाळांचे तीन ज्वालामुखी होते. तिन्ही डोंगर एकाच रंगाचे, एकाच दुकानातले. एका पोरानं तर तळाचं लेबलसुद्धा काढलं नव्हतं.

साहेब दुपारी आले. हार झाले, दीप झाला, भाषण झालं. साहेब चांगलं बोलले. "मुलांनी ऐकून नव्हे, हातानं करून शिकलं पाहिजे," असं ते म्हणाले, आणि ते त्यांना मनापासून वाटत होतं. माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगतो. वाईट माणसावर सगळं ढकलून मोकळं होता येतं, तशी सोय इथं नाही.

ते दिपाच्या टेबलाशी आले. दिपानं सगळं नीट सांगितलं, ऊब किती, पाणी कशाला, अंडी का फिरवायची. साहेब वाकून ऐकत होते.

"अरे वा, वा! मग कधी निघणार पिल्लू?"

"उद्या सकाळी, सर."

"उद्या? मी तर आज आहे."

सगळे हसले. साहेब विनोद करतात तेव्हा हसायचं असतं.

"निघतंय साहेब, निघतंय की," किसनराव पुढे झाले. "टोच तर पडलीच हाय. विश्वंभर सर, जरा मदत करा त्याला."

"हो, थोडंसं उघडून दाखवा ना," साहेब म्हणाले. "विज्ञानात प्रत्यक्ष पाहण्याला महत्त्व. काय?"

मोबाईल वर झाले. विश्वंभर सर म्हणाले, "साहेब, अजून थोडा वेळ... आत अजून..." त्यांना पुढचं वाक्य माहीत होतं. ते त्यांनी वर्गात साठ पोरांना सांगितलं होतं. किसनराव त्यांच्या कानाशी आले आणि फक्त एवढंच म्हणाले, "चौदा वर्षं."

सरांनी टेबलावरचा चिमटा उचलला.

"दिपा, सरक जरा."

"सर, रक्त हाय आत अजून."

"माहिताय मला. सरक."

तिनं खोक्याच्या तोंडावर तळवा ठेवला. ओरडली नाही, काही नाही. फक्त तळवा ठेवला आणि सरांकडे पाहिलं. सरांनी तिचं मनगट धरून हात बाजूला केला. हात गरम होता. मग त्यांनी ते अंडं बाहेर काढलं, तड्यात चिमट्याचं टोक घातलं आणि कवच सोलायला लागले. पहिले दोन तुकडे कोरडे निघाले. तिसऱ्याबरोबर पापुद्रा फाटला आणि लाल दोरा तुटला. रक्त फार नव्हतं. चिमट्यावरून सरांच्या बोटावर आलं तेवढंच. त्यांनी हात थांबवला नाही. आता थांबण्यात काही अर्थ नव्हता, असं त्यांना वाटलं. माणसाला अशा वेळी हेच वाटतं.

पिल्लू कापसावर आलं. ओलं, डोळे मिटलेलं, पोटाशी पिवळा बलक अजून लोंबत असलेलं. त्यानं चोच उघडली.

टाळ्या पडल्या. तांड्यावरची पोरं सोडली तर सगळ्या मांडवानं वाजवल्या. साहेबांनी पिल्लू तळहातावर घेतलं, फोटोवाला म्हणाला, "पोरीला मधी घ्या. हास बाळा, हास की!" दिपा मध्ये उभी राहिली. साहेबांनी रुमालानं हात पुसला.

"उत्तम. अशा शिक्षकांची गरज आहे. तुमची फाईल माझ्याकडेच आहे ना? बघतो मी."

बघतो मी. सरांना झाला तो आनंदच म्हणायचा, दुसरा शब्द नाही. आपल्याला आनंद झाला आहे हे त्यांना कळलं, आणि कळलं म्हणून ते खाली बघायला लागले.

माईकवर जेवणाची घोषणा झाली. गर्दी तिकडे वळली. दिपानं पिल्लू ओंजळीत धरलं होतं आणि त्याच्यावर तोंडानं ऊब घालत होती. थोड्या वेळानं ती थांबली.

"सर, मेलं."

"दहा हायेत ना अजून," सर म्हणाले. "त्यायला तर कोणी हात लावला न्हाई."

"तुमी म्हनले होते..."

"विश्वंभर सर!" किसनरावांची हाक आली. "या की! साहेब वाट पाहून राहिलेत!"

सर गेले. चौदा वर्षांत पहिल्यांदा ते पाहुण्यांच्या पंगतीत बसले. कनेरगाव नाक्याच्या आचाऱ्यानं रस्सा झणझणीत केला होता. किसनरावांनी स्वतः वाढताना त्यांच्या ताटात टंगडी टाकली. सर उपाशी होते, त्यांनी खाल्लं. चव चांगली होती, खोटं कशाला बोला. साहेबांनी दोनदा रस्सा मागून घेतला आणि "गावरान ती गावरानच" असं म्हणाले.

हात धुऊन सर मांडवात आले तेव्हा आभार चालले होते. आभाराच्या माईकला लाईन पाहिजे म्हणून कुणीतरी खोक्याची वायर काढली होती. बल्ब विझलेला. दिपा खोक्यावर आडवी होऊन, पोटाशी धरून बसली होती.

"म्या सांगितलं त्यायला, नका काढू. आइकलं न्हाई कोनी."

थर्मामीटर खाली उतरला होता. डिसेंबरचा वारा माळावरून येत होता. सरांनी अंडी कानाला लावून पाहिली. पाचसहा अंड्यांतून अजून आवाज होता. दोन अंड्यांना नवी टोच पडली होती. मुन्ना प्रयोगशाळेला कुलूप लावून गेला होता आणि शाळेची लाईन आभार संपतासंपता गेलीच.

मग सरांना एकदम सुचलं. त्यांचा चेहरा उजळला, तसा तो कित्येक वर्षांत उजळला नव्हता.

"दिपा, तुझ्या दादीची ती तांबडी खुडूक! अजून बसती का टोपल्यात?"

"बसती की! काल बी बसलेली व्हती."

"चल मंग. तिच्या पोटाखाली घालू. कोंबडीसारखी ऊब कोणाच्या बल्बाला येत न्हाई. चल, चल."

मोटारसायकलवर दिपा मागे, मांडीवर खोका, खोक्यावर स्वेटर. माळाच्या खडबडीत वाटेनं सर इतकी हळू गाडी चालवत होते की कुत्री पुढे जात होती. "आवाज हाय का?" ते दर वळणाला विचारत. "हाय सर." मांडवात जे झालं ते दोघंही बोलले नाहीत. पण दिपाचा एक हात त्यांच्या खांद्यावर होता. धरायला काहीतरी लागतं म्हणून असेल. सरांना मात्र वाटलं, अजून सगळं गेलेलं नाही. उरलेली पिल्लं निघाली तर एक माफ होईल.

नीलाबाई दारातच उभी होती.

"आलं का पिल्लू? साहेब खूश झाला का?"

"झाला, झाला. नीलाबाई, ती तांबडी खुडूक कुठाय? लवकर आणा."

"ती व्हय?" नीलाबाई हसली. "ती तर तुमीच नेली की सर. सकाळी मुन्ना आलता. मनला, साळंत मोठा साहेब येऊन राहिला, गावरान पाह्यजे. म्या मनलं, हीच घेऊन जा बाबा. अंडी देत न्हाई, नुसती बसून बसून राहिलीया. बराबर का न्हाई? अन् पैसे न्हाई घेतले म्या. पोरीच्या साळंचं काम, पैसे कशाला?"

सरांनी दिपाच्या हातातला खोका घेऊन खाली ठेवला.

"चांगली लागली का जेवाया?" नीलाबाईनं आपुलकीनं विचारलं.

दिपा सरांच्या हाताकडे बघत होती. धुतला तरी नखांत पिवळा रस्सा राहिला होता. सरांनी हात खिशात घातला.

"दुसऱ्या कोंबड्या हायेत की," ते शेवटी म्हणाले.

"हायेत. पन त्या खुडूक न्हाईत. न बसणारीला धरून बसवता येतं व्हय सर? उठून पळती."

तरी त्यांनी एकीला धरून टोपल्यात बसवलं, वर डालगं झाकलं. तिनं आतल्या आत धडपडून दोन अंडी फोडली. मग नीलाबाईनं उरलेली कापसात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवली. सर अंधार पडेपर्यंत उकिडवे बसून होते. एकेका अंड्यातला आवाज कमी होत गेला. आधी नव्या टोचीची दोन गप झाली, मग बाकीची. शेवटचं बराच वेळ चिवचिवत होतं.

"तुमी जावा आता सर," दिपा म्हणाली. त्यांना वाटलं ती रडेल. ती चूल सारखी करत होती.

प्रदर्शनाचं पहिलं बक्षीस एका ज्वालामुखीला मिळालं, पिल्लाला उत्तेजनार्थ. साहेबांचा पिल्लू धरलेला फोटो फाटकावरच्या नव्या फ्लेक्सवर आला. दिपा त्यात त्यांच्या कोपराशी आहे. संक्रांतीच्या आत साहेबांची बदली झाली. फाईल टेबलावरच राहिली, टेबलापलीकडचा माणूस तेवढा बदलला. किसनराव म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू," आणि इतिहासाचे सर म्हणाले, "बसा अजून."

वार्षिक तपासणीला प्रात्यक्षिकाच्या वह्या आल्या. सर एकेक उघडत होते, सही करत होते. दिपाची वही आली तेव्हा त्यांनी ती आधी बाजूला ठेवली, मग पुन्हा पुढे ओढली.

वर्षभराच्या सगळ्या कोऱ्या चौकटी भरलेल्या होत्या. पुस्तकातलं जसंच्या तसं, नीट, वळणदार, एकही खाडाखोड नाही. शेवटच्या पानावर प्रकल्प होता. 'लाल दोरे' जिथं लिहिलं होतं तिथं रबरानं खोडून कागद पातळ झाला होता, आणि त्यावर नव्यानं लिहिलं होतं :

'निरीक्षण : अकरा अंडी बसवली. अकरा निरोगी पिल्ले बाहेर आली.'

सरांनी मान वर केली. दिपा टेबलापुढे हात मागे बांधून उभी होती, इतर पोरांसारखीच. तिच्या मागं कपाट होतं, कुलूप लावलेलं.

"हे..." सर म्हणाले.

"बराबर हाय ना सर?" दिपानं विचारलं. "पुस्तकात असंच असतंय."

मागं रांग वाढत होती. कुणीतरी ढकललं म्हणून कुणीतरी कुरकुरलं. विश्वंभर सरांनी लाल पेनचं टोपण काढलं, पानाच्या खाली 'पाहिले' असं लिहिलं, सही केली आणि पूर्ण मार्क दिले.

"आता मार्क कापले न्हाईत ना?"

"न्हाई."

"बरं," ती म्हणाली, आणि वही घेऊन बाकावर जाऊन बसली.